चिनी इंटर्नल मार्शल आर्ट शिकायचीय आणि राहतो चिपळुणात: शाळा कशी निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४२, लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. कॉलेजात कराटे केलं होतं. आता ताय-ची, शिंगयी किंवा बाग्वा यांतलं काहीतरी धड शिकायचं आहे. तब्येतीसाठी तर हवंच, पण वेळ आली तर चार हात करता यावेत अशीही इच्छा आहे. पर्याय चार दिसतात. गावातल्या कराटे क्लासची रविवारची ताय-ची बॅच, सहा महिन्यांत सर्टिफिकेट. देवळाच्या सभामंडपात रोज सकाळी चार-पाच जणांना फुकट शिकवणारे एक निवृत्त काका, बोटीवर नोकरीला असताना ताय-चीची यांग शैली शिकलेले. ठाण्यातली ताय-चीच्याच चेन शैलीची शाळा, महिन्यातून एक शनिवार-रविवार. आणि व्हिडिओ कोर्स. आईचे गुडघे दुखतात, तिलाही नेता आलं तर बरं. काय निवडू?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. काकांकडे जा, निदान पुढच्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. ठाण्याची शाळा त्यानंतर, आणि तीही एकदा नुसती बाजूला बसून बघितल्यावर. रविवारची बॅच नको. व्हिडिओ फक्त शिकवलेलं विसरलात तर आठवायला. मी तुमच्या काकांना पाहिलेलं नाही, त्यामुळे यात एक अट आहे: खाली लिहितोय तशी पारख तुम्ही स्वतः करायची आणि त्यात काका नापास झाले तर माझं उत्तर बदललं असं समजायचं.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं यांग शैलीची ताय-ची आणि थोडी शिंगयी करतोय, काही जणांना शिकवतोही. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी शैली विचारतो, मग गुरुपरंपरा, मग फी. शेवटी, जाता जाता विचारतो की तुमच्याकडे जुनी मुलं कोण आहेत? खरं तर हा प्रश्न पहिला हवा.

शाळा बघायला गेलेला माणूस शिक्षकाकडे बघत बसतो. शिक्षक छान हलतो, अंगाला चिनी सिल्कचा झब्बा असतो, बोलतो गोड. पण त्याचं कौशल्य ही त्याच्या गुरूची आणि त्याच्या स्वतःच्या घामाची कमाई आहे. ते दुसऱ्याच्या अंगात उतरवता येतं की नाही, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. सोयरीक जमवताना जुनी माणसं त्या घरात आधी आलेल्या सुनेकडे बघायची. तसं तुम्ही तिथे तीन वर्षं टिकलेल्या विद्यार्थ्याकडे बघा. पहिल्या वर्षातला नको, त्याचं काहीच बसलेलं नसतं. दहा वर्षांचा जुना नको, तो कदाचित मुळातच चांगला असेल. तीन वर्षांचा साधा माणूस, बँकेत किंवा बाजारात काम करणारा, तो शिक्षकाने काय दिलं ते दाखवतो. तीन वर्षांचा एकही माणूस नसेल आणि शाळा आठ वर्षं जुनी असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

बघायचं काय? सिंगल व्हिप नावाचा पवित्रा ताय-चीच्या जवळपास सगळ्या शैलींत येतो. उजव्या हाताची पाचही बोटं चिमटीसारखी जुळलेली, डावा पाय पुढे पडतो आणि वजन सावकाश त्याच्यावर जातं. त्या वेळी हात बघू नका, डावा गुडघा बघा. तो पावलाच्या मधल्या बोटांच्या रेषेत राहतो की आत ढासळतो? पुढच्या पवित्र्यासाठी पाऊल वळवायचं असतं, तेव्हा विद्यार्थी आधी वजन मागे घेऊन पाऊल मोकळं करतो, की सगळा भार असलेल्या पायावरच टाच घासत फिरतो? काही घराण्यांत भरल्या पायावरही वळतात, पण तिथे ते वळण जांघेच्या सांध्यातून येतं, गुडघा नुसता मागोमाग जातो. तीन वर्षं झालेल्या माणसाचा गुडघा अजून आत जात असेल तर त्याच्याकडे कोणी बघितलेलंच नाही. आणि हे त्याला पन्नाशीत भोवणार.

मग शिक्षक दुरुस्ती कशी करतो ते बघा. "हात थोडा वर, बोटं सरळ, नजर समोर" एवढंच तासभर चाललं असेल तर ते स्नेहसंमेलनाचा नाच बसवणं झालं. जाणता शिक्षक विद्यार्थ्याच्या मागे जाऊन उभा राहतो. दोन बोटं माकडहाडाशी टेकवतो, कमरेची कमान जराशी सैल सोडायला सांगतो आणि थांबतो. विद्यार्थ्याला काय सोडायचं ते सापडायला थोडा वेळ लागतो. सापडलं की त्याचा वर चढलेला खांदा आपोआप खाली येतो, कोपर जड होतं. शिक्षकाने हाताला हात लावलेलाच नसतो. असं एका तासात दोनदा तरी दिसलं तर त्या जागी थांबावं. या तिन्ही कलांमध्ये शिकवण्यासारखं जे आहे ते यातच आहे: पायातली ताकद कमरेतून हातापर्यंत मध्ये कुठे न अडकता यावी. शिंगयीत ती सरळ रेषेत जाते, बाग्वात वर्तुळात फिरता फिरता, ताय-चीत गोलाकार आणि बहुतेक वेळा सावकाश. बाकी सगळा तपशील.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वतः हात लावून बघणं. नम्रपणे विचारा, "मी जरा ढकलून बघू का?" शिक्षकाने हात छातीसमोर गोल धरलेला असतो, त्याच्या मनगटाजवळ दोन्ही तळवे ठेवा आणि धक्का न देता हळूहळू भार वाढवा. तयार माणसाच्या दंडात तुम्हाला गाठ लागत नाही. तुमचा भार कुठेतरी खाली, त्याच्या मागच्या पायात गेल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की टाचा आपल्याच उचलल्या जाताहेत. यात जादू नाही. हाडांची मांडणी आणि सराव. नुसता ताठ उभा राहून खांद्याने अडवणारा माणूसही लगेच ओळखू येतो, कारण तुम्ही अचानक हात काढून घेतलात की तो पुढे झुकतो.

उलट प्रकारही बघायला मिळतो. शिक्षकाने नुसता हात हलवला की विद्यार्थी शॉक बसल्यासारखे तीन-तीन उड्या मारत मागे जातात. तिथे शिक्षकाकडे नाही, विद्यार्थ्याच्या पायांकडे बघा. स्पर्श व्हायच्या आधीच त्याने उडीची तयारी केलेली असते. हे ढोंग असतंच असं नाही, वर्षानुवर्षं तशी सवय लागते आणि मग त्या बिचाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं. "मी ढकलून बघू का" याला "तुमची ची, म्हणजे आतली ऊर्जा, अजून तयार नाही" असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि घरी या.

आता रविवारच्या बॅचबद्दल. कराटे क्लास चालवणारा माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. कोकणात खेड, दापोली, कुडाळपर्यंत मुलांना मैदानात आणायचं काम याच लोकांनी केलं आहे. पण सहा महिन्यांत ताय-चीचं सर्टिफिकेट हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही. रंगीत पट्ट्यांची पद्धत जपानी ज्युडोतून आली आणि कराटेने ती उचलली. जुन्या चिनी आखाड्यांत पट्टे नव्हतेच, चीनमध्ये दर्जा ठरवणारी श्रेणीपद्धत अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या शेवटी आली. त्यामुळे कोणी ताय-चीचा "ब्राऊन बेल्ट" देत असेल तर तो त्याच्या क्लासचा हिशेब आहे, कलेचा नाही. दुसरी अडचण अंगाची. कराटेत शिकलेला ठोसा खांदा आणि नितंब झटक्यात आवळून शेवटी घट्ट होतो. तीच सवय ठेवून ताय-ची केली की हालचाल सावकाश होते, आतली बांधणी मात्र कराटेचीच राहते. तुम्हीही कराटे केलंय, तेव्हा ही अडचण तुम्हालाही येणार आणि ती काढायला कराटेवाल्या शिक्षकाचा उपयोग नाही.

बहुधा ते चोवीस पवित्र्यांचा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने सलग करायचे पवित्रे, शिकवत असतील. त्याला नाक मुरडू नका. तो १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून बसवला, सामान्य माणसाला शिकता यावा म्हणून. पाच-सहा मिनिटांत होतो. मीही लोकांना कधीकधी तोच देतो. फक्त विचारा, "हा झाला की पुढे काय?" पुढे यांगचा लांब फॉर्म येतो, मोजणीप्रमाणे ८५, १०३ किंवा १०८ पवित्रे. मग पुश हँड्स, म्हणजे दोघांनी हाताला हात लावून एकमेकांचा तोल घालवायचा सराव, मग तलवार. उत्तर "पुढे ४२ चा फॉर्म, मग पंख्याचा फॉर्म, मग अजून एक" असं आलं आणि जोडीने करायचं काहीच नसेल, तर तिथे फॉर्म गोळा होतात, ताय-ची होत नाही. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये चोवीसही पवित्रे "पूर्ण" करून देणारेही आहेत. सोमवारी सकाळी त्यातले चार आठवतात.

पोस्टरवरच्या मजकुराचं थोडं सांगतो, कारण लोक त्याला फार भुलतात. एका पोस्टरवर "युनेस्को मान्यताप्राप्त" असं मी स्वतः वाचलं आहे. युनेस्कोने डिसेंबर २०२० मध्ये ताय-चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं हे खरं. म्हणून कुठल्या क्लासला मान्यता मिळाली असं होत नाही. दुसरं नेहमीचं म्हणजे भारतातून गेलेल्या बोधिधर्म या भिक्षूने चीनच्या शाओलिन मठात मार्शल आर्ट सुरू केली ही कथा. आपल्याकडच्या माणसाने चीनला मार्शल आर्ट शिकवली हे ऐकायला छान वाटतं, पण तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच ही कथा किती उशिराच्या आणि कच्च्या कागदांवर उभी आहे ते दाखवून दिलं होतं. शिवाय चिनी कलांची इंटर्नल (आतल्या बांधणीवर भर देणाऱ्या) आणि एक्स्टर्नल (बाहेरच्या जोरावर भर देणाऱ्या) अशी विभागणी करतात, त्यात तुम्ही इंटर्नल शोधताय आणि शाओलिन समोरच्या बाजूला धरतात. ही विभागणी कागदावर पहिल्यांदा दिसते ती १६६९ मध्ये, ह्वांग झोंगशी या विद्वानाने एका लढवय्यासाठी लिहिलेल्या मृत्युलेखात. ताय-ची, शिंगयी आणि बाग्वा ही आजची तिकडी रूढ व्हायला मात्र विसावं शतक उजाडलं, आणि त्यात तिन्ही शिकलेल्या सुन लुतांगचा मोठा वाटा आहे. तेव्हा "पाच हजार वर्षांची प्राचीन परंपरा" असं छापलेलं दिसलं की पुढचं वाचायचे कष्ट वाचतात. (तिसरं, समुद्रावर उगवता सूर्य आणि त्यासमोर ताय-ची करणारा माणूस. फोटो कोकणातला आहे म्हणतात. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो हो, उगवतो सह्याद्रीवरून.)

गुरुपरंपरा विचारावी, पण ती माहिती म्हणून. हेनान प्रांतातल्या चेन गावात चेन चांगशिंगने यांग लुचानला शिकवलं, यांग लुचान बीजिंगला गेला, त्याचा नातू यांग चेंगफू याने आज आपण पाहतो ती संथ, एकसारख्या गतीची मोठी चाल रूढ केली. चेन घराण्याची स्वतःची चाल बाहेरच्या जगाला नीट दिसली ती चेन फाके १९२८ मध्ये बीजिंगला गेल्यावर. एवढं ठाऊक असेल तर समोरचा माणूस खुशाल बोलू द्या, थापा कुठे आहेत ते कळतं. "मी अमुक चेन मास्टरचा शिष्य" याचा अर्थ काय ते मात्र स्पष्ट विचारा. विधिवत शिष्य करून घेणं वेगळं, दरवर्षी महिनाभर जाऊन राहणं वेगळं आणि एका सेमिनारला शंभर जणांत उभं राहून फोटो काढणं वेगळं. तिसऱ्या प्रकारातही चांगला शिक्षक असू शकतो, फक्त त्याने पहिला असल्याचा आव आणू नये.

आणि पोट कशावर चालतं यावरून शिक्षकाची किंमत करू नका. बाग्वाचा मूळ पुरुष मानला जातो तो दोंग हायच्वान. तो १८८२ साली वारला. त्याचा एक बडा शिष्य चेंग तिंगह्वा बीजिंगमध्ये चष्म्याचा धंदा करायचा आणि बाग्वाकडे येण्याआधी चिनी कुस्तीत तयार होता. म्हणून त्याच्या शाखेत पकड आणि फेक जास्त दिसते. दुसरा शिष्य यिन फू याची शाखा वेगळीच दिसते. एकाच गुरूची दोन मुलं इतकी वेगळी, तेव्हा "अस्सल बाग्वा आमच्याकडेच" हा वाद तिथेच संपतो. तुमचे काका बोटीवर नोकरी करून शिकले यात कमीपणा काही नाही. ते कुठल्या बंदरात, कोणाकडे, किती वर्षं जात होते हे मात्र निवांत विचारा. खरं शिकलेल्या माणसाला त्या दिवसांबद्दल बोलायला आवडतं. तो तपशील सांगतो: गुरू किती ओरडायचा, कुठल्या पवित्र्यात किती वेळ उभं करायचा.

चार हात करण्याबद्दल स्पष्ट बोलतो. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदूला शू श्याओदोंग या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढवय्याने स्वतःला ताय-ची मास्टर म्हणवणाऱ्या वेई लेईला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर आणलं. व्हिडिओ जगभर फिरला आणि चीनमध्ये मोठं वादळ झालं. त्यावरून ताय-ची निरुपयोगी ठरत नाही. ज्याने कधी जोरात मारणाऱ्या परक्या माणसासमोर सराव केलेला नाही, तो हरणार, मग कला कुठलीही असो. म्हणून शाळेला विचारा: पवित्रे न ठरवता, दोघेही जिंकायचा प्रयत्न करताहेत अशी पुश हँड्स होते का? पाय हलवून? दुसऱ्या क्लासच्या लोकांशी? वर्षातून एखादा कुस्तीगीर येतो का? घाट चढून गेलं की कोल्हापूरच्या तालमी आहेत. मातीत खेळलेल्या पोराने एकदा कमरेला हात घातला की आपले पाय जमिनीत किती घट्ट रोवलेत ते कळतं, आणि त्या पोरांना यात मजाही वाटते. हेच तुमचं मुख्य उद्दिष्ट असेल आणि दोन वर्षांत फळ हवं असेल, तर सरळ कुस्ती, ज्युडो किंवा बॉक्सिंग करा. ताय-चीतून तिथे पोचता येतं, पण वाट लांब आहे आणि बहुतेक शाळा त्या वाटेवर चालतच नाहीत. तिन्हींत शिंगयी यासाठी जवळची. पाच मूळ प्रहार, सरळ रेषेत पुढे. पण त्याची सुरुवात सान-ती नावाच्या पवित्र्यात नुसतं उभं राहण्याने होते, एक पाय पुढे, साधारण ६० ते ७० टक्के वजन मागच्या पायावर, आणि त्यात मांडी पेटते. पहिल्याच आठवड्यात पाचही प्रहार शिकवून मोकळा होणारा शिंगयीचा शिक्षक मी टाळीन.

तुमच्या ओळखीत कोणी शाळकरी मुलासाठी विचारत असेल तर त्याला वेगळं सांगा. वुशू हा स्पर्धेचा खेळ आहे, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांपासून पदकांत आहे, त्यात ताय-चीचाही प्रकार असतो. दहावीच्या क्रीडागुणांसाठी पालक तिकडे पाठवतात, ते ठीकच. लवचीक पोरांसाठी ते उत्तम आहे. बेचाळिसाव्या वर्षी मात्र जमिनीला टेकणारे पवित्रे आणि उडी मारून एका पायावर उतरणं तुमच्या कामाचं नाही.

ठाण्याच्या शाळेचा विचार करताना कोकण रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवा. मी थट्टा करत नाही. मे महिना, गणपती, शिमगा या दिवसांत तिकीट मिळत नाही, पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, आणि तुमची शिफ्ट बदलत असते. कागदावर बारा शनिवार-रविवार दिसतात, त्यातले निम्मे हाती लागले तरी खूप. महिन्याने मिळणारी दुरुस्ती फार मोलाची असते, पण पाया घातलेल्या माणसाला. नवशिक्या महिनाभर चूक घोटून जातो, ती काढण्यात शनिवार जातो, रविवारी नवीन चूक घेऊन परत चिपळूण. म्हणून आधी रोजचा शिक्षक, मग महिन्याचा. आणि पूर्ण वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्या शाळेला सांगा की मी तीन वेळा येऊन बघतो, मग भरतो. ज्याला विद्यार्थ्याची पर्वा आहे तो हो म्हणतो.

काकांना विचारायचा एक प्रश्न कोकणातल्या माणसालाच सुचेल: पावसात कुठे? जूनपासून चार महिने उघड्यावर काही होत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि एका पायावर वजन घेऊन सावकाश सरकणाऱ्या माणसाला त्याच्याइतका दुसरा शत्रू नाही. सभामंडपातली लादीसुद्धा दमट हवेत ओली होते. तळ सपाट आणि पातळ रबराचा असलेले कॅनव्हासचे बूट घ्या, जाड उशीवाले पळायचे बूट नकोत, त्यात पावलाला जमीन लागत नाही. आमच्याकडे बरेच क्लास पाऊस सुरू झाला की बंद होतात, ते गणपतीनंतर उघडतात, मग दिवाळी येते. वर्षाचे पाच महिने चालणाऱ्या क्लासमध्ये तीन वर्षांचा विद्यार्थी तयार व्हायला सात वर्षं लागतात.

गुहागरच्या किनाऱ्यावर जाऊन सराव करायचा मोह होईल. हौसेखातर जरूर करा, शिकायला नको. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, घोटा वेडावाकडा होतो. ओहोटीला उघडी पडलेली घट्ट ओली वाळू बरी, पण तिला समुद्राकडे उतार असतो आणि एक पाय कायम खालच्या बाजूला राहतो. दिशा बदलून केलंत तर चालेल. बाग्वा करणार असाल तर घराचं खळं सर्वात चांगलं, आठ-दहा पावलांचं वर्तुळ त्यात आरामात बसतं. चीनमध्ये झाडाभोवती फिरायची पद्धत आहे. आपण आंबा किंवा फणस निवडावा. माडाखाली गोल फिरण्यात शहाणपण नाही, वरून नारळ पडायला गुरुपरंपरा लागत नाही.

शिफ्टचं म्हणाल तर रोजची वीस मिनिटं आठवड्याच्या अडीच तासांपेक्षा बरी. दहा मिनिटं नुसतं उभं राहणं, हात छातीसमोर झाडाला मिठी मारल्यासारखे, गुडघे जेमतेम वाकलेले. उरलेली दहा मिनिटं काकांनी दिलेले दोन-तीन पवित्रे. नाइट करून आलात की आधी झोपा. झोपेत असलेल्या अंगाने उभं राहिलं की माणूस सैल पडत नाही, ढिला पडतो.

दोन शैली एकदम सुरू करू नका. यांगमध्ये हाताची चाल आणि कमरेचं वळण जसं शिकाल, त्याहून चेनमध्ये पिळाची वेटोळी बरीच उघड दिसतात, मधूनच जोरकस झटका येतो. दोन्ही एकदम घेतलं की दोन्हीचा काला होतो. वर्षभराने ठाण्याला गेलात तर तिथे पहिल्याच दिवशी सांगा की मी यांग शैली शिकतोय आणि शिक्षक अमुक आहेत. लपवून काही उपयोग नाही, तुमच्या पहिल्या पावलातच त्यांना दिसेल. आणि काकांनाही सांगूनच जा. फुकट शिकवणाऱ्या माणसाला विचारलेलं आवडतं. फी घेत नाहीत म्हणून रोज वेळेवर या, पावसाळ्याआधी मंडप झाडायला हात लावा, गुरुपौर्णिमेला काहीतरी न्या, नाहीतर आंब्याची पेटी. नको म्हणतील, ठेवून यायची.

आईंचं. गुडघ्याच्या झिजेसाठी ताय-ची हा आता घरगुती सल्ला राहिलेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्युमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ताय-चीची ठाम शिफारस आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या तोलाबद्दल २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अभ्यास आला होता, १९५ रुग्ण, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. त्यात ताय-चीच्या गटाचा तोल नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा चांगला सुधारला. ही सगळी साधी, उंच पवित्र्यातली ताय-ची आहे, चेनचे खोल पवित्रे नव्हेत. म्हणूनही काका बरे. पण आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि काकांना सांगा की आईंनी गुडघे जेमतेम मोडायचे, पावलं लहान टाकायची. दुखणं सरावाच्या वेळी वाढत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजत असेल, तर पवित्रा अजून वर घ्यायचा किंवा तेवढा भाग सोडून द्यायचा. "दुखलं तरी करत राहा, साफ होतंय" असं कोणी म्हणालं, काका असोत की ठाण्याचे सर, तर आईंना तिथून घेऊन या. शेजारी पाठ असलेली एक खुर्ची ठेवा, प्लास्टिकची नको, ती लादीवर सरकते. आणि पहिले पंधरा दिवस त्यांनी फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, हात खुर्चीवर ठेवून. कंटाळा येईल त्यांना, तसं आधीच सांगून ठेवा.